पेडलवर पाय

मास्तरांना गाडीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. बॉनेट उघडायची कळ कुठे असते हेसुद्धा त्यांना गाडी घेतल्यावर पुष्कळ दिवसांनी समजलं, आणि तेही पेट्रोल पंपावरच्या माणसाने हसत हसत दाखवल्यावर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. पुढे मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, त्याच्याही मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये जुनी गाडी. राहायची खोली दुकानाच्या वर. सगळं आयुष्य एका जिन्याच्या अंतरात मावत होतं आणि त्यात दुसरं माणूस नव्हतं.

लग्न करायचं नव्हतं असं नाही, राहून गेलं. आसपासच्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्यांनी शिवले, स्वतःचा शिवायची वेळ आली नाही. आधी लोक विचारायचे, मग विचारेनासे झाले. दिवसभर कामात जीव रमायचा. संध्याकाळी दुकानाची फळी लावून वर गेलं की मात्र आठवू लागायचं, आज आपण कुणाशी काय बोललो. “कमरेत सैल करू का?” आणि “परवा या, तयार ठेवतो.” यापलीकडे काही नाही.

खरं बोलायला एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई. आई गेली तेव्हा मास्तर चड्डीची नाडी बांधायला शिकत होते आणि ताई जेमतेम शाळेतून बाहेर पडलेली. तिनेच त्यांना वाढवलं, रागावलं, शिवण शिकायला धाडलं, आणि मग लग्न करून ती डोंगरावरच्या वस्तीत गेली. भाऊजी ट्रक चालवायचे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण ताई काही खाली यायला तयार नव्हती. “तुझ्या त्या खोलीत दोघांनी श्वास घ्यायचा कसा?” असं म्हणायची. म्हणून दर सुट्टीला मास्तरच वर जायचे. वरपर्यंत बस नव्हती. चढ चालून जावा, तर कापडाची धूळ खाऊन खाऊन मास्तरांच्या छातीचा पार भाता झालेला. फोन होता, पण फोनवर ताईला अर्धंच ऐकू यायचं, त्यामुळे ती आपलं तेवढं बोलून टाकायची आणि ठेवून द्यायची. थोडक्यात, गाडी होती म्हणून ताई होती.

आणि त्या गाडीने दगा दिला. ताईला डोळे तपासायला खाली आणलं होतं, परत पोचवताना शेवटच्या उभ्या वळणावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. गाडी पुढे सरकेना. जळका वास सुटला, मास्तरांनी घाबरून पाय इकडचा तिकडे केला आणि गाडी मागे घसरली ती थेट वळणाच्या भिंतीला टेकूनच थांबली. भिंत नसती तर काय झालं असतं ते दोघांनाही दिसत होतं. ताई दार उघडून उतरली. दुखऱ्या गुडघ्यांनी उरलेला चढ चढायला लागली.

“ताई, थांब, मी येतो.”

“तू येऊ नकोस. या डब्यात मी परत बसणार नाही, आणि तूही हा वर आणायचा नाहीस. तुला काही झालं तर मला कोण आहे रे?”

ती रागावलेली होती हे खरं, पण आवाज रागाचा नव्हता, आणि तेच मास्तरांच्या जिव्हारी लागलं.

गॅरेजवाल्याने गाडी एकदा पुढेमागे करून पाहिली आणि मान हलवली. क्लच संपलाय, आतलं फ्लायव्हीलही जळालंय, सगळा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल. “मास्तर, एवढा खटाटोप या गाडीसाठी? भंगारात द्या आणि सुटा.” त्याच्या दृष्टीने तो हिताचंच सांगत होता. भंगारात गाडी जाणार होती की ताई, हे त्याला कुठून कळणार? मास्तर गाडी जेमतेम ढकलत, रखडवत शेडमध्ये घेऊन आले आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. मग त्यांच्या मनात आलं ते असं: माणसानेच जोडलंय ना हे? मग माणसाला उसवता येईल. आणि उसवलेलं शिवता येतं. शिंप्याच्या डोक्यात आलेला हा विचार होता. मेकॅनिकच्या डोक्यात आला असता तर त्याने तो लगेच झटकून टाकला असता.

फोनवर व्हिडिओ सापडला. त्यातला माणूस गोल चेहऱ्याचा, हसरा, स्वच्छ कपड्यातला. “हे अगदी सोपं आहे,” म्हणून सुरुवात करायचा. मास्तरांनी फोन इंजिनवर टेकवून ठेवला आणि कंबर कसली. दुकान लवकर बंद करून रोज थोडं थोडं. बॅटरीची वायर काढली, चाकं काढली, गिअरबॉक्समधलं तेल काळं काळं होऊन परातीत उतरलं. मास्तरांना सवय काज करायची, बोटाच्या टोकाने. इथे पाना लावून सगळं अंग घालावं लागत होतं. एकेका बोल्टने नाकी नऊ आणले. पण निघालेला प्रत्येक बोल्ट त्यांनी पुठ्ठ्यावर, गाडीत होता त्याच जागी टोचून ठेवला, जसे ते कोटाचे कापलेले भाग मांडून ठेवत. हळूहळू ते व्हिडिओतल्या माणसाला उत्तरंही द्यायला लागले. “आता हा बोल्ट सैल करा,” तो म्हणायचा. “करतोय, करतोय, जरा दम धर,” मास्तर म्हणायचे. दिवसभरातलं सर्वांत लांबलेलं संभाषण हेच असायचं.

एकच गोष्ट खटकायची. व्हिडिओतला गडी मधूनच, अगदी सहज म्हणायचा, “इथे एका मित्राची मदत घ्या.” आणि लगेच बाजूने दोन हात यायचे, गिअरबॉक्स धरायचे. त्या हातांचा चेहरा कधी दिसायचा नाही. जणू मित्र म्हणजे पानापक्कड, सगळ्यांच्या घरात असतोच. मास्तरांना त्या हातांचा मत्सर वाटायला लागला, आणि आपल्याला मत्सर वाटतोय याची लाजही वाटली.

गिअरबॉक्स त्यांनी जॅकवर तोलून एकट्यानेच मागे ओढला. तो सुटला, जॅकवरून कलंडला आणि त्यांच्या छातीवर येऊन बसला. हाड वगैरे मोडलं नाही. पण पाठीखाली सिमेंट, वर एवढं धूड, दोन्ही हात बाजूला अडकलेले, त्यामुळे हलता येईना. श्वास अर्धाच आत जात होता. मास्तरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि कुणाच्या नावाने मारायची हेच सुचेना. शेजारच्या न्हाव्याला ते इतकी वर्षं नुसतं “काय, बरंय का?” म्हणत आले होते, त्याचं नाव तोंडात बसलेलंच नव्हतं. तोंडातून “ताई” एवढं निघालं, तेही पुटपुटल्यासारखं. डोंगरावर ते कसं ऐकू जाणार? फोन इंजिनवर होता आणि त्यातला माणूस आनंदाने पुढची पायरी सांगत होता. मास्तर तसेच पडून राहिले. भीती वाटली त्याहून जास्त त्यांना एकटं वाटलं, इतकं उघडंनागडं एकटं, की डोळ्यांच्या कडांनी पाणी कानात गेलं. मग त्यांनी खांदा थोडा थोडा हलवत धूड एका अंगाला कलतं केलं आणि स्वतःला ओढून बाहेर काढलं.

दुसरा कुणी असता तर त्याने त्याच क्षणी हात टेकले असते. मास्तरांनी छातीला बाम चोळला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली शिरले. ताईला काय सांगणार होते, जमलं नाही म्हणून?

आतला क्लच पाहून त्यांना वाईटच वाटलं. प्लेटवरचं अस्तर झिजून रिबेटी, म्हणजे आतले खिळे, वर आलेल्या, जुन्या पँटच्या गुडघ्यासारखी गत. आणि फ्लायव्हील, ते जाडजूड लोखंडी चाक, त्यावर निळे जांभळे डाग आणि केसासारख्या चिरा. इस्त्री विसरून कापडावर ठेवली की जो डाग पडतो, तोच. हा डाग आपणच पाडलाय, हे मास्तरांना कळलं. चढावर उगाच क्लचवर पाय अर्धा दाबून ठेवायची खोड त्यांचीच.

स्पेअर पार्टवाल्याकडून नवं फ्लायव्हील आणि नवा क्लच आला. फ्लायव्हील बसलं. आता प्लेट. ती दोन बाजूंची, एकीकडे मध्यभागी स्प्रिंगांचा फुगवटा. आणि त्याच बाजूला काहीतरी छापलेलं, मास्तरांना न येणाऱ्या भाषेत. गोलमटोल माणूस नेमका इथे घाईत होता, प्लेट लावली आणि पुढे गेला. मास्तर प्लेट हातात फिरवत विचार करत बसले. खूण म्हणा, आकडा म्हणा, खडूची रेघ म्हणा, शिंपी ती करतो कुठे? उलट्या बाजूला. सुलट बाजू कोरी, देखणी, ती माणसासमोर. हातावर इतकी वर्षं बसलेली गोष्ट, तिथे शंका कसली? त्यांनी छापलेली बाजू आत, फ्लायव्हीलकडे केली, कोरी बाजू स्वतःकडे, आणि समाधानाने बोल्ट आवळले.

सगळं परत वर चढवलं. आता राहिली एअर. क्लचच्या तेलाची नळी त्यांनी काढताना उगीचच सोडवली होती, ती नुसती बाजूला टांगून ठेवता आली असती. व्हिडिओवाला तसं सांगतही होता, पण तोवर मास्तरांनी पाना लावलेला होता. नळीत हवा शिरली आणि पेडल लुळं पडलं. ती हवा काढायची तर एकाने वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून स्क्रू उघडायचा, बुडबुडे तेलाबरोबर बाहेर आले की बंद करायचा, मग वरच्याने पाय सोडायचा. पुन्हा दाब, पुन्हा सोड. इतकं साधं काम. कला नाही, ताकद नाही. फक्त एक पाय हवा होता, कुणाचाही.

मास्तर हात पुसून दुकानाच्या दारात उभे राहिले. रस्त्यावर माणसं होती, पुष्कळ होती. समोरून जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या कमरेचं, मांडीचं, पायाच्या लांबीचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्यातला एक पाय मागायचा होता. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. बँकेतला कारकून आला, पँट घेऊन गेला. मास्तरांनी त्याला विचारायला सुरुवातही केली.

“साहेब, जरा एक काम…”

“काय?”

“नाही, म्हणजे, लांबी बरोबर आहे ना?”

“एकदम बरोबर, मास्तर,” असं म्हणून तो गेला. मास्तरांना स्वतःचा राग आला. ‘मला जरा मदत करता का’ हे पाच शब्द, तोंडात कुणी दगड कोंबल्यासारखे अडकले. इतक्या वर्षांत कुणाकडे काही मागितलंच नव्हतं. आपण त्याला स्वाभिमान म्हणत आलो, पण ते नुसतं एकटं राहून राहून लागलेलं वळण होतं, हे त्या दिवशी त्यांना दारातच कळलं.

मग ते आत आले आणि ताग्याची दांडी घेतली. पेडल दाबायचं, दांडी पेडल आणि सीटमध्ये अडकवायची, उतरायचं, खाली सरपटायचं, स्क्रू उघडायचा, बंद करायचा, बाहेर यायचं, दांडी काढायची. परत पहिल्यापासून. “दाब,” म्हणत ते चढायचे, “दाबलं,” असं स्वतःलाच सांगून उतरायचे. संध्याकाळ संपली तेव्हा पेडलला थोडा जीव आला होता आणि मास्तरांचा गेला होता.

मोठ्या हौसेने चावी फिरवली. इंजिन लागलं. गिअर टाकायला गेले तर करकरकर! दात खाल्ल्यासारखा आवाज. पाय कितीही दाबा, क्लच सुटतच नव्हता. मास्तरांना वाटलं हवाच राहिली असेल. पुन्हा दांडी, पुन्हा सरपटणं. पुन्हा करकर. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गाडीतच बसून राहिले, स्टिअरिंगला डोकं लावून.

उलगडा झाला तो दुकानात. एका कोटाची बाही उलटून ते खडूची रेघ बघत होते, आणि हात थांबला. रेघ उलट्या बाजूला. कोट तसाच टाकून मास्तर फोनकडे धावले. व्हिडिओ मागे नेला, जिथे गोल माणसाने घाईने प्लेट लावली होती तिथे थांबवला, डोळे बारीक केले. छापलेली बाजू बघणाऱ्याकडे होती, गिअरबॉक्सकडे. खुणेसारखी खूण, उघड तोंडावर! मास्तरांनी कपाळावर हात मारला. ज्या विद्येवर आयुष्य काढलं तिनेच गोत्यात आणलं होतं. हसू आलं, आणि हे सांगायला कुणी नाही म्हणून ते अर्ध्यावरच विरलं.

पण उसवायची लाज शिंप्याला नसते. मास्तरांनी पुन्हा सगळं खाली घेतलं. या वेळी नळीला हात लावला नाही, जॅकवर लाकडाचे ठोकळे ठेवले, गिअरबॉक्स पट्ट्याने बांधला. प्लेट उलटवली, म्हणजे सुलटवली. बोल्ट एकमेकांसमोरचे आवळत गेले, कॉलर लावताना दोन्ही टोकांकडून टाके घालत मध्ये येतात तसे. चावी फिरवली. पाय दाबला. गिअर मऊसूत पडला. गाडी शेडमधून हातभर पुढे सरकली आणि मास्तर एकटेच ओरडले, “चाललीऽऽ!”

पेडल अजून थोडं मऊ होतं, दांडीला शेवटची हवा काढणं जमलं नव्हतं. तरी सुट्टीच्या सकाळी ते निघाले. वळणाच्या भिंतीपाशी त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पहिला गिअर, पाय पूर्ण वर, अर्धा नाही. गाडी गुरगुरली आणि चढली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. गाडी पाहून तिने हातातला टॉवेल बादलीत आपटला.

“तुला सांगितलं होतं ना, हा डबा वर आणायचा नाही?”

“दुरुस्त केलाय, ताई. क्लच नवा, फ्लायव्हील नवं.”

“कुणाकडून?”

“मी केलं.”

“तू?” ताईने त्यांचे हात धरले, पालथे केले, उताणे केले. नखांत काळं तेल, बोटं खरचटलेली. रेशमाच्या कापडाला डाग पडू नये म्हणून धाकट्याचे हात लहानपणी तीच घासून घ्यायची. “आणि एअर? ती कुणी काढली?”

मास्तर चाट पडले. “तुला एअर काय माहीत?”

“काय माहीत म्हणजे? तुझ्या भाऊजींचा ट्रक रस्त्यात बसला की वर कोण चढायचं? मीच. ‘दाब गं, धर गं, सोड गं.’ अर्धा संसार त्या पेडलवर गेला माझा. एकट्याने निघत नाही ती. पाय कुणी दिला तुला?”

“कुणी नाही. दांडी लावली.”

“दांडी?”

“ताग्याची. सीटला अडकवून.”

ताई दोरीवरचं एक लुगडं उगाचच सरळ करत राहिली. मग म्हणाली, “मला बोलवायचं होतंस रे धाकट्या.”

“कसं बोलवणार? तुला आणायला गाडी कुठे होती?”

मग ताईने हाताच्या पाठीने डोळे पुसले, गाडीचं दार उघडलं आणि वाकून पेडल हाताने दाबून पाहिलं.

“मऊ लागतंय. आहे अजून हवा. पाना आणलायस?”

“डिकीत आहे.”

“मग उभा काय राहिलायस? जा खाली.”

ती गुडघ्यावर हात देत, कण्हत, ‘आई गं’ म्हणत सीटवर चढली. परत कधी बसणार नाही म्हणाली होती त्याच डब्यात. मास्तर अंगणातल्या मातीत आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. तिला ऐकू जावं म्हणून छाती भरून ओरडले, “दाऽब!”

“दाबलं!”

स्क्रू उघडला. तेल आलं, त्यात दोन चार बुडबुडे. बंद केला. “सोऽड!”

“सोडलं!”

“दाऽब!”

“दाबलं! जरा लवकर कर, पाय थरथरतोय.”

पुढच्या खेपेला एकच बुडबुडा आला. त्याच्या पुढच्या खेपेला तेल स्वच्छ, एकसंध, सुतासारखं आलं. काम झालं होतं. मास्तरांनी स्क्रू पक्का आवळला आणि पाना बाजूला ठेवला. वरून ताईने विचारलं, “झालं का रे?”

मास्तरांनी बाजूला ठेवलेला पाना पुन्हा हातात घेतला.

“नाही झालं अजून,” ते ओरडले. “दाऽब!”

“दाबलंय,” ताई म्हणाली.